माझ्याच रिलीजला माझं वजा एक

आमच्या सॉफ्टवेअरच्या रिलीजला तीन दिवस राहिले होते. घोषणेचा मजकूर केव्हाच तयार होता आणि मी त्यातले स्वल्पविराम इकडचे तिकडे करत बसले होते. काम संपलं असं वाटायला लागलं की माणूस असलेच उद्योग करतो. तेवढ्यात करडेकाकांचा फोन आला.

"मॅडम, तुमचं नवीन व्हर्जन काल दुपारी टाकलं," ते म्हणाले. "उत्तम आहे. फक्त मराठी गेलं."

"गेलं म्हणजे?"

"वाचता येत नाही. तुम्हाला येत असेल तर बघा."

मी त्यांची साइट उघडली. लेखांच्या जागी टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं, येनची चिन्हं आणि मधूनमधून रिकामे चौकोन होते. पानामागून पान तेच. फोटो तेवढे जागच्या जागी होते. हे का झालं असेल याचा अंदाज मला पहिल्या मिनिटातच आला.

आता थोडं मागचं सांगते. आमचं सॉफ्टवेअर वेबसाइट चालवायचं. लेख टाइप करायचा, फोटो लावायचा, बटण दाबायचं, की तो जगाला दिसतो. कोड लिहावा लागत नाही. हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा आणि फुकट वापरावा. ते बनवणारी माणसं जगभर विखुरलेली असतात आणि त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नसतं. मी पुण्यात खराडीतल्या एका कंपनीत नोकरीला होते. कंपनीने मला आठवड्यातले दोन दिवस या कामासाठी दिले होते आणि त्या खेपेला मी रिलीज लीड होते. रिलीज लीड म्हणजे लग्नघरातला तो काका, ज्याला जो तो "पंगत कधी?" म्हणून विचारतो आणि स्वयंपाक मात्र भलतेच लोक करत असतात.

करडेकाकांचं कसबा पेठेत तांब्याच्या भांड्यांचं दुकान. चाळीस वर्षं त्यांनी स्वतः हातोडा चालवला. पुढे गुडघे गेले तेव्हा त्यांनी वेबसाइट काढली. आपल्या आळीतल्या कारागिरांवर ते लिहायचे: कुणाचं घंगाळ कसं असायचं, बंबाची नळी कोण बसवायचं, कुणाचा हात ओळखू यायचा. चारशेच्या वर लेख झाले होते. ते थेट साइटवरच टाइप करायचे, कागदावर काही नाही. ज्यांच्यावर लिहिलं त्यातले बरेचजण आता हयात नव्हते.

ती साइट त्यांना मीच उभी करून दिली होती. मी तेव्हा वर्ध्याहून पुण्याला नवीन आले होते, पहिली नोकरी होती, बिबवेवाडीत तिघींत एक खोली होती. आमच्या सॉफ्टवेअरच्या वापरणाऱ्यांची महिन्यातून एकदा बैठक भरायची. तिथे सगळे लॅपटॉप घेऊन यायचे आणि काका कापडी पिशवी घेऊन. पिशवीतून वही काढून माझं बोलणं उतरवून घ्यायचे. तेव्हापासून आमची ओळख.

त्याच बैठकीच्या ग्रुपवर मी आदल्या आठवड्यात निरोप टाकला होता: "आरसी आलाय, सगळ्यांनी आपापल्या साइटवर टाकून बघा." आरसी म्हणजे रिलीज कॅन्डिडेट, शेवटची रंगीत तालीम. आमच्यातला कुणीही हे वाचून आधी साइटची कॉपी करतो आणि त्या कॉपीवर प्रयोग करतो. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की लिहायचं मला सुचलंच नाही. काकांनी मी लिहिलं तसंच केलं. त्यांची साइट एकच होती, तिच्यावर टाकलं.

"काका, कशालाही हात लावू नका," मी म्हटलं. "मी येते."

खराडीहून कसब्यात जाईपर्यंत डोक्यात एकच हिशोब चालू होता, काय काय वाचवता येईल. स्कूटर आळीबाहेर लावून चालत गेले. काका दुकानातच होते, कॉम्प्युटर गल्ल्याशेजारी चालू. त्यांनी मला बसायला मोडा दिला, चहा सांगितला आणि मग मॉनिटर माझ्याकडे वळवला.

"कालपासून तुम्ही काही बदललंत का?" मी विचारलं.

"काल संध्याकाळी तीन लेख दुरुस्त केले."

"दुरुस्त म्हणजे?"

"तो कचरा पुसला, आठवलं तेवढं पुन्हा टाइप केलं आणि सेव्ह केलं. नुसतं बघत बसून काय करणार?"

तो कचरा नव्हता. तो त्यांचाच मजकूर होता, चुकीच्या रीतीने वाचलेला. न पुसलेले लेख परत आणता येणार होते. पुसलेले गेले. साइट जिथे ठेवलेली होती त्या होस्टिंग कंपनीचा बॅकअप रोज रात्री जुन्यावरच नवा लिहिला जायचा, त्यामुळे रात्रीतून तोही बिघडला होता. सॉफ्टवेअर प्रत्येक लेखाच्या जुन्या आवृत्त्या ठेवतं खरं, पण जागा वाचावी म्हणून काकांच्या साइटवर ती सोय मी स्वतः बंद करून ठेवली होती. इतकी शरम मला नोकरीत त्याआधी कधी वाटली नव्हती.

आता नेमकं झालं काय, ते डब्याच्या भाषेत सांगते. समजा एका घरात साखरेची चिठ्ठी लावलेल्या डब्यात मीठ ठेवतात. घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे, त्यामुळे वर्षानुवर्षं स्वयंपाक बिनघोर चालतो. मग एक दिवस नवी व्यक्ती स्वयंपाकघर लावायला घेते, चिठ्ठीवर विश्वास ठेवते आणि त्या डब्यातलं शिऱ्यात घालते. जुन्या मराठी साइट्सचं असंच होतं. डेटाबेसमध्ये मजकूर मराठी, पण त्यावर चिठ्ठी पश्चिम युरोपातल्या भाषांची. लिहिताना आणि वाचताना दोन्हीकडे तीच चूक व्हायची, म्हणून पडद्यावर मराठी नीट दिसायचं. आमच्या नव्या रिलीजने सगळ्या डब्यांची फेरमांडणी करायला घेतली होती. ती चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवून मजकूर बदलत होती.

तो बदल तपासून मंजूर केला होता मी. तपासला होता मराठीतही, पण नव्या कोऱ्या साइटवर. नव्या साइटवर चिठ्ठ्या बरोबरच असतात. काकांच्यासारखी बारा वर्षं जुनी साइट घ्यावी, हे वर्ध्याच्या मराठी शाळेत शिकलेल्या बाईला सुचायला हवं होतं.

काकांच्या डेटाबेसची जशी होती तशी कॉपी घेऊन मी ऑफिसला परतले आणि थेट आमचे डिलिव्हरी हेड बर्वे सर यांच्या केबिनमध्ये गेले. कंपनीने रिलीजच्या दिवसासाठी, म्हणजे गुरुवारसाठी, स्वतःचं प्रसिद्धीपत्रक तयार ठेवलं होतं, त्यात माझा फोटोही होता. रिलीज थांबवते आहे, असं मी सांगितलं.

"किती साइट्सना फटका बसेल?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग एका दुकानदाराच्या साइटसाठी जगभरचा रिलीज थांबवायचा?"

"माहीत नाही म्हणूनच थांबवायचा, सर. अपडेटचं बटण दाबलं की मागे यायला रस्ता नाही."

"क्लायंटना गुरुवार सांगितलाय, मेधा."

"मग शुक्रवारी त्यांना त्यांची साइट वाचून दाखवायची तयारी ठेवा."

सर वाईट नव्हते, वरून प्रश्न त्यांनाच येणार होते. शेवटी म्हणाले, उशीर झाला तर नाव तुझं लागेल. लागू दे, म्हणून मी बाहेर आले.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या चॅट मीटिंगमध्ये होती. आमच्यात रिलीजच्या आधी एक प्रथा आहे. जगभरचे लोक ठरल्या वेळी चॅटवर जमतात आणि तयारी पटली असेल तर "+1" असं टाइप करतात. पटली नसेल तर "-1", आणि त्याबरोबर कारण द्यावं लागतं. स्वतःच्या रिलीजला वजा एक दिलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. एकामागून एक अधिक एक पडत गेले. माझी पाळी आली तेव्हा मी वजा एक टाकलं.

पहिल्यांदा एकाने चुकून पडलं का म्हणून विचारलं. मी काकांच्या साइटची आधीची आणि नंतरची पानं दाखवली. तेव्हा डॅनियल बोलायला लागला. तो या प्रोजेक्टमधला सर्वांत जुना माणूस, डेटाबेसचं त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. त्याचं म्हणणं असं की या साइट्स मुळात चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या आहेत आणि हा एज केस आहे. एज केस म्हणजे क्वचित घडणारी, कडेची गोष्ट. ज्याच्या घरात ती घडते त्याला हा शब्द माहीत नसतो.

या उत्तराची मला कल्पना होती. सकाळचे चार तास मी आमच्याच जुन्या व्हर्जनांच्या ढिगाऱ्यात घालवले होते. काकांची साइट मी ज्या इन्स्टॉलरने बसवली होती, त्यातली एक ओळ मी चॅटमध्ये पेस्ट केली. ती चुकीची चिठ्ठी आमचा इन्स्टॉलर स्वतःहून लावत होता. वापरणाऱ्याने फक्त नेक्स्ट, नेक्स्ट दाबलं होतं.

"या साइट्स लोकांनी चुकीच्या बसवल्या नाहीत," मी लिहिलं. "आपण बसवल्या."

मग डॅनियलने लिहिलं, "ही ओळ माझी आहे." आणि खाली आणखी एक वजा एक टाकलं. त्या माणसाबद्दल मला त्या दिवशी जो आदर वाटला तो अजून टिकून आहे.

पुढचे नऊ दिवस आम्ही दोघांनी दुसरं काही केलं नाही. बदल सांगायला सोपा होता: फेरमांडणीच्या आधी डबा उघडून बघायचा. आतला मजकूर दुसऱ्या पद्धतीने वाचल्यावर धड भाषा निघते का ते तपासायचं, आणि निघाली तर मजकुराला हात न लावता फक्त चिठ्ठी बदलायची. कोड डॅनियलने लिहिला. जुन्या साइट्स गोळा करायचं काम माझं. ग्रुपवर मी पुन्हा निरोप टाकला, या वेळी "कॉपी करून" हे दोन शब्द आधी लिहिले. बिबवेवाडीतल्या एका भजनी मंडळाची साइट मिळाली, एका सोसायटीची मिळाली, एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर पेन ड्राइव्ह घेऊन खराडी गाठली. डॅनियलने ग्रीक आणि थाई साइट्स मिळवल्या. तिथेही हेच होत होतं.

पहिला प्रयत्न फसला. भजनी मंडळाचे अभंग नीट राहिले, पण त्याखालचे लोकांचे अभिप्राय बिघडले. एकाच साइटवर काही डबे बरोबर आणि काही चुकीचे असू शकतात, हे आम्ही धरलंच नव्हतं. मधल्या काळात चॅटवर कुणीतरी विचारलं की पुण्यातला गुरुवार नेमका कधी येतो. डॅनियलने प्रत्येक डबा वेगळा तपासायची व्यवस्था केली, मी सगळ्या साइट्स पुन्हा पहिल्यापासून चालवल्या आणि प्रत्येकीची पानं डोळ्यांनी वाचली. दहाव्या दिवशी मी अधिक एक टाकलं आणि रिलीज बाहेर पडला.

साइट बिघडली म्हणून कुणाचा फोन आला नाही, मेल आली नाही. बर्वे सरांनी प्रसिद्धीपत्रकातली तारीख बदलली आणि माझा फोटो तसाच ठेवला.

काकांची साइट त्याच्या आधीच परत आणली होती. तीच युक्ती उलटी चालवायची होती. त्यांच्या दुकानात बसून एका दुपारी ते केलं. लेख एकेक करून मराठीत दिसायला लागले आणि काका ते मोठ्याने वाचत गेले, मी थांबा म्हटलं तरी. राहिले ते तीन. त्यातले दोन त्यांनी पुन्हा लिहून काढले. तिसरा शंकरमामा नावाच्या कारागिराचा होता. तांब्यावर एकसारखे ठोके पाडायचं माठारकाम कसं करायचं, ते शंकरमामांनी शेवटच्या आजारपणात स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं आणि काकांनी शब्दशः उतरवलं होतं.

"तो मला पुन्हा लिहिता यायचा नाही," काका म्हणाले. "बोलणं त्याचं होतं."

मी जिथे सुचेल तिथे शोधलं. सर्च इंजिनांच्या साठवणीत तो लेख नव्हता. शेवटी माझ्याच मेलमध्ये सापडला, म्हणजे त्याचा पहिला परिच्छेद सापडला. काकांच्या साइटवर नवा लेख आला की त्याची सुरुवात मला मेलने यायची. ती मेल मी कधी उघडलीच नव्हती.

तेव्हापासून कुणालाही काहीही टेस्ट करायला सांगायच्या आधी मी विचारते की याची दुसरी प्रत कुठे आहे, आणि ती दाखवेपर्यंत पुढचं बोलत नाही. ऑफिसमधले लोक वैतागतात. वैतागू देत.

काकांनी तो एक परिच्छेद साइटवर लावला आणि खाली एक ओळ लिहिली: "पुढचा मजकूर अपडेटमध्ये गेला." ओळ अजून तिथे आहे. ती काढा, असं मी त्यांना कधी म्हटलं नाही.