येतो

दर शनिवारी हरणी भागातल्या आमच्या सोसायटीत एक गोरा मुलगा यायचा. मे महिन्यातही फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यात टाय, काखेत धर्मपुस्तकं. आम्हाला तारायला तो एवढ्या लांबून बडोद्याला आला होता. गुजराती फाडफाड बोलायचा, आईकडून थोडं मराठीही शिकला होता. फक्त आत शिरताना ‘येतो’ म्हणायचा आणि निघताना ‘जातो’. आई दर वेळी दचकायची. “जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं.” हे काही त्याच्या डोक्यात शिरत नसे.

“प्रभूच्या राज्यात सगळ्यांना जागा आहे,” तो सांगायचा.

“ते बराबर,” शेजारचे काका म्हणायचे, “पण तुझ्या देशाच्या व्हिसाचा मेळ कसा पडेल?”

तो हसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. त्याच्या हातून कोणी तरलं नाही, पण सोसायटीतल्या पोरांचं इंग्रजी फुकटात सुधारलं.

मग त्याचाच व्हिसा संपला. निरोप घ्यायला आला तेव्हा डोळे भरलेले होते. “मला इथेच राहायचं होतं,” म्हणाला आणि जिना उतरताना पहिल्यांदाच बरोबर बोलला, “येतो.”

आईने पदर डोळ्यांना लावला.

काकांना मात्र राहवलं नाही. कठड्यावरून वाकून म्हणाले, “तिथून परत कोण येतं रे, वेड्या?”