दोन मिनिटांची टकटक

सगळा बाजार त्याला कानसेन म्हणायचा. बॉनेटवर कान टेकून तो इंजिनाचं दुखणं सांगायचा, आणि त्याच्या हाताखालून गेलेली गाडी इतकी गुमान चालायची की मालक विचारत, "चालू आहे ना हो?"

त्याची स्वतःची गाडी मात्र वाजायची. "लोकांच्या गाड्यांची तोंडं बंद करता आणि घरची ही अवदसा!" बायको म्हणायची. जुनं फ्लॅटहेड इंजिन ते; व्हॉल्व्ह बाजूला, वर नुसतं सपाट झाकण. सकाळी गार असताना झिजलेले पिस्टन सिलिंडरच्या भिंतींवर आपटत. टकटक, टकटक. तापले, फुगले, की आवाज बंद. तेवढी दोन मिनिटं ती ओल्या हातांनी त्याच्या काचेशी उभी राहायची. "दात वाजताहेत बिचारीचे. ऊब येऊ द्या." मग चष्मा घेतला का, दाढ कधी दाखवणार, असलं काहीबाही. टकटक थांबली की टपावर एक थाप मारायची. निघा.

ती गेल्याला सहा वर्षं झाली. गाडीही तेव्हापासून शेडमध्येच होती. यंदा लेक हटून बसली, "बाबा, एकदा तरी फिरवा मला तिच्यातून." त्याने इंजिन उतरवलं. सिलिंडर पार अंडाकृती झालेले. आतली भोकं कातून, वाढवून मोठे पिस्टन घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

लेथवर काम करणारा टर्नर त्याचा जुना दोस्त. त्याने बाकड्यावर दोन पिस्टन मांडले. "हा ओतीव. घट्ट बसतो, हूं की चूं करत नाही. हा ठोकून घडवलेला. दणकट, पण तापला की जास्त फुगतो, म्हणून फट जास्त ठेवावी लागते. गार असताना वाजणारच. तुला काय शर्यतीत पळायचंय?"

"या गुडघ्यांनी?"

"मग ओतीव घे. कानसेनाची गाडी वाजली तर बाजारात नाक कापलं जाईल."

कानसेनाने दोन्ही पिस्टन तळहातांवर बराच वेळ तोलले. "घडवलेले दे."

"अरे, पण का?"

"दे म्हटलं ना."

महिन्याभराने, एका सकाळी, लेक शेजारी बसली आणि त्याने स्टार्टर दाबला. टकटक, टकटक. आवाज जरा बारीक होता, पण ठेका तोच.

"बाबा, काहीतरी वाजतंय."

"वाजू दे. ऊब येईल." त्याने आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली. बाहेर पाहत हळूच म्हणाला, "चष्मा घेतलाय. दाढ काढून टाकली गेल्या वर्षी."

अजून बरंच सांगायचं होतं. पण टकटक विरळ होत गेली आणि थांबली. इंजिन लोण्यासारखं चालू लागलं. तो टपाकडे कान लावून बसला. मग त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"काही नाही. गार होऊ दे जरा."

"तासभर लागेल, बाबा."

"लागू दे."