अकरावा पासवर्ड

जून २००८, रविवार संध्याकाळ. काम एकच: सकाळी आठला गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण उघडणार, त्याआधी तिकिटांची साइट एकदा उघडून बघायची. पाच मिनिटांचं काम होतं.

आमच्या आचोळ्याच्या घरात कॉम्प्युटर माझ्या ताब्यात. (ह्यांना माउस फिरवायला अख्खं टेबल कमी पडतं.) आमच्या लेकीनं, शिल्पानं, त्यात पासवर्ड सांभाळणारं एक सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. दहा पासवर्ड फुकट. अकराव्यासाठी पैसे भरून अपग्रेड!

"आई, भर ना पैसे."

"एका पासवर्डसाठी? एक डबा जास्त झाला म्हणून कोणी नवं कपाट घेतं का?"

आणि मी तिकिटांचा पासवर्ड काढून त्या जागी पाककृतींच्या साइटचा ठेवला. तिकिटं काय, वर्षातून एकदा काढायची. तेवढं माझ्या डोक्यात राहतं!

राहिलं नाही. मग 'पासवर्ड विसरलात?' वर गेले. साइटनं विचारलं, तुमचं माहेरचं गाव? संधी तीन.

"सासवड," हे म्हणाले. "झालं काम!"

"ते नाही. मी मुद्दाम खोटं लिहिलंय. खरं लिहिलं तर कोणीही ओळखेल!"

"कोणीतरी ओळखलं असतं तर बरं झालं असतं," शिल्पा म्हणाली.

तेवढ्यात सासूबाई पोथी मिटून आल्या. गावच्या गणपतीची पाळी भाऊबंदांत फिरत फिरत यंदा आमच्याकडे आली होती. "गणपती दारात येतलो नि घराक कुलूप? खोटां कित्याक सांगलंस गो?"

"पॅरिस टाकून बघ," हे म्हणाले. "खोटंच सांगायचं तर माणूस चांगलं गाव निवडतो."

टाकलं. चूक!

"महाबळेश्वर?" शिल्पा. चूक!

"थांबा! आठवलं!" मी ओरडले. "पुणे! शंभर टक्के पुणे!"

खातं एक दिवसासाठी बंद. नवीन खातं काढायला गेलो, तर मंजुरीला दोन दिवस! तोवर गाड्या भरून रिकाम्या व्हायच्या.

सासूबाईंनी मिटलेली पोथी पुन्हा उघडली. (हे फार वाईट लक्षण.)

"तोंडं पाडून बसू नका," मी म्हणाले. "पहाटे स्टेशनच्या खिडकीवर जाते. पहिला नंबर माझा, लिहून घ्या!"

पहाटे उठले, चहासुद्धा न घेता रिक्षा पकडली आणि खिडकीपाशी पोचले. पहिला नंबर लागलेला होता. जमिनीवर गोणपाट अंथरून, मांडीवर थर्मास घेऊन सासूबाई बसल्या होत्या!

"ये गो," त्या म्हणाल्या. "तुझी जागा धरून ठेवलंय."

चौघांची तिकिटं मिळाली. घरी येऊन मी आधी अपग्रेडचे पैसे भरले, आणि ते सॉफ्टवेअर उघडायचा मुख्य पासवर्ड सासूबाईंना पाठ करायला दिला.