बारा फुटांची गल्ली

शेवंताबाई केणी महापौर झाल्या तेव्हा घणसोली गावात तीन दिवस बॅन्जो वाजत होता. सातवी शिकलेली, अंगणवाडीत खिचडी शिजवणारी ही बाई महिला आरक्षणातून नगरसेविका झाली आणि दुसऱ्याच खेपेला महापौरांच्या खुर्चीत बसली. गावाने त्यांना निवडून दिलं ते एकाच मागणीवर: गरजेपोटी विनापरवाना बांधलेली सगळी घरं कायम करा. जमिनी शहरासाठी गेल्या, पोरं वाढली, मग घरावर घर चढवायचं नाही तर राहायचं कुठे, असं त्या मोर्च्यात घसा बसेपर्यंत सांगायच्या. ते त्यांना मनापासून पटलेलंही होतं.

मग एकदा गावातल्या एका पोरीला बाळंतपणासाठी न्यायची वेळ आली. अॅम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच अडकली. चौघांनी पोरीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून बाहेर काढलं, पण तोवर उशीर झाला होता. ती वाचली, बाळ गेलं. शेवंताबाई त्या घरी जाऊन आल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी भूमिका बदलली. घरं कायम व्हावीत, पण मुख्य गल्ली बारा फूट मोकळी हवी, पुढे आलेले ओटे आणि जिने हटवायचे. महासभेत त्यांच्याच पक्षाचे निम्मे लोक विरोधात गेले, मतं समसमान पडली. महापौरांचं निर्णायक मत त्यांनी ठरावाच्या बाजूने दिलं. पहिला हातोडा त्यांनी स्वतःच्या ओट्यावर घालायला लावला, दुसरा धाकट्या दिराच्या, हरेशच्या, जिन्यावर.

हरेशने बोलणं टाकलं. पक्षाने पुढच्या वेळी तिकीट कापलं. अपक्ष उभ्या राहिल्या तर गावातल्याच केंद्रांवर सपशेल पडल्या. बाईंनी पलटी मारली, असं लोक तोंडावर म्हणू लागले. शेवंताबाईंच्या मनातही शंका कुरतडत राही. आपण नुसत्या हट्टाला तर पेटलो नव्हतो? वर्षं गेली, गल्लीत गाड्या उभ्या राहायला लागल्या, त्या हटवायला सांगत शेवंताबाई वॉर्ड ऑफिसात चकरा मारत राहिल्या, एवढंच.

गेल्या वर्षी मार्चमध्ये भर दुपारी हरेशच्या बिल्डिंगमध्ये मीटरची पेटी पेटली. धुराने आतला जिना भरला. तिसऱ्या मजल्यावर परभणीकडून आलेली भाडेकरू रखमा नातवाला घेऊन एकटी होती. सून अक्षता महापेच्या कंपनीत कामाला गेलेली. शेवंताबाई धावत पोचल्या तेव्हा रखमा खिडकीत बाळाला छातीशी धरून खोकत होती. 

तेवढ्यात बंब आला. गल्लीच्या तोंडाशी थांबला नाही, वळण घेऊन सरळ दारापर्यंत आला. शिडी लागली. रखमाने आधी बाळ दिलं, मग स्वतः उतरली. बिल्डिंगमधले बाकी सगळेही खाली आले. दोघांना धुराने त्रास झाला, तेही संध्याकाळी घरी परतले.

शेवंताबाई समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत रडल्या. हरेश जवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "वयनी, तवा मी तुला नको ते बोललो."

"बोललास ते बोललास," त्या म्हणाल्या. "सगली भायेर आली ना?"

"आली."

"मंग झाला."

पुढे निवडणुका लागल्या तसे पक्षाचे लोक पेढे घेऊन दारात आले. या वेळी वातावरण तुमच्या बाजूने आहे, उमेदवारीच्या अर्जावर नुसती सही करा, बाकी आम्ही बघतो, म्हणाले. हरेशही त्यांच्यात होता. शेवंताबाईंनी सगळ्यांना चहा दिला, ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. रागाने नव्हे. आता कुणाला काही पटवून द्यायचं उरलं नव्हतं, हे त्यांना बोलता बोलताच कळलं.

मंडळी गेली. शेवंताबाईंनी कप विसळले, पंखा लावला आणि तिन्हीसांजेपर्यंत गाढ झोपल्या.