उपडा घातलेला कप

तव्यावरचं तापलेलं उलथनं माझ्या मनगटावर बसलं. मी हात मागे घेतला. दुसरा तडाखा त्याच जागी बसला. कातडी उलथन्याला चिकटून निघाली.

"सगळ्याला शिवलीस! मोदकांना शिवलीस, देवाच्या पाण्याला शिवलीस!"

ओरडत होत्या त्या आजी. ज्यांच्या घरात मी भाड्याने राहत होते त्या दादांच्या आई. गणपतीसाठी मुद्दाम पुण्याहून आल्या होत्या. सकाळपर्यंत मला "बाळ" म्हणत होत्या.

दादा धावत आले. मला वाटलं, आईला आवरतील. त्यांनी माझी वेणी धरली. मागच्या दारापर्यंत ओढत नेलं आणि पायरीवरून ढकललं. मी काँक्रीटवर तोंडावर पडले. ओठ फुटला. मागून माझ्या चपला आल्या, कॉलेजची बॅग आली, मग एक कप आला. माझ्या डोक्याशेजारी भिंतीवर फुटला.

त्या कपानेच माझा घात केला होता. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

हे घडलं मेलबर्नमध्ये, ग्लेन वेव्हर्लीला. तिथल्या शाळा चांगल्या म्हणून आपले लोक तिथे घर घ्यायला जिवाचा आटापिटा करतात. शेजारचा गोरा माणूस गवत कापत होता. त्याने मशीन थांबवलं. बघितलं. परत सुरू केलं.

माझा बाप नगरपालिकेत झाडूवाला. आई एका वकिलांच्या बंगल्यावर धुणंभांडी करायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ज्यांनी हात दिला त्यांना मी विसरलेले नाही. तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे सर. वसतिगृहाच्या बाई. आणि वहिनीसुद्धा, म्हणजे दादांची बायको. मी मास्टर्ससाठी आले तेव्हा एअरपोर्टवर मला घ्यायला तीच आली होती. तिने खोली दिली. ट्रेनने युनिव्हर्सिटीला कसं जायचं ते दाखवलं. तापात मऊ भात करून दिला. हे सगळं खरं आहे. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

त्या वर्षांत विमानं भरभरून आपली पोरं तिकडे येत होती. शिकायची, कामाच्या शिफ्ट करायची, स्टेशनवरून एकटी घरी जायची आणि गोऱ्या पोरांचा मार खायची. कुणाचं डोकं फुटायचं, कुणाचा जबडा. दादा निषेधाच्या मोर्चाला गेले होते. हातात इंग्रजी फलक होता: जन्मावरून माणसाला मारू नका. घरी आल्यावर तो त्यांनी गॅरेजमध्ये नीट उभा करून ठेवला. मला म्हणाले, "इथे आपण सगळे एक. लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं. तरीही लपूनच राहिले.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. शेवटी 'कर'. ते कुणाचंही असू शकतं. मी त्या 'कर'च्या आडोशाला राहिले. निळ्या कोटातला तो फोटो, जो गावी आमच्या प्रत्येक घरात असतो, तो मी मोठ्या बॅगेच्या तळाशी स्वेटरच्या घडीत ठेवला होता. बाप फोनवर "जयभीम" म्हणायचा. वहिनी जवळपास असली की मी नुसतं "हो, हो" म्हणायचे. बाप समजायचा. 

त्या शुक्रवारी गणपती बसले. मी सकाळपासून मोदक वळत होते. आजी म्हणाल्या, "काय गं हात आहे हिचा! आमच्या सुनेला शिकव जरा." वहिनी हसली. मी हसले. चहा झाला. मी माझा कप धुतला. आणि रॅकमध्ये न ठेवता मागच्या दाराजवळ, खिडकीच्या कडेला, एकटाच उपडा घातला.

मी नाही घातला. माझ्या हाताने घातला.

लहानपणी मी आईबरोबर वकिलांकडे जायचे. आमच्यासाठी तिथे एक कप होता. कान तुटलेला. तो न्हाणीच्या भिंतीवर असायचा. त्यातून आधी आई प्यायची, मग मी. झालं की आई म्हणायची, "धू. उपडा घाल." पाढे शिकायच्या आधी मी ते शिकले. ग्लेन वेव्हर्लीच्या घरात मी माझ्या हातांवर रोज पहारा ठेवायचे. त्या दिवशी सण होता. कौतुक झालं. पहारा सुटला.

आजींनी कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांच्या घरीही असा कप असणार. नाहीतर त्यांनी ओळखलाच नसता.

"तुझी आई कुणाकडे कामाला होती गं?"

मी ओटा पुसत राहिले.

"तुम्ही कोण?"

मी गप्प. त्यांना उत्तर मिळालं. उलथनं त्यांच्या हातातच होतं.

दुपारी माझी शिफ्ट होती. कॉलफील्डला, रूथ नावाच्या बाईंकडे. त्यांना अंघोळ घालायची, औषधं द्यायची, सूप गरम करायचं. सत्तरी ओलांडलेल्या. ज्यू. युद्धानंतर युरोपातून आलेल्या. तोंडाच्या फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही इंडियन मुली गोड बोलता आणि कामात गोगलगायी असता." मी ऐकून घेतलं होतं. त्यांच्या घराचे पुढचे पडदे दर शुक्रवारी दुपारपासूनच बंद असायचे. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

मी तशीच बसने गेले. दुसरीकडे जायला जागा नव्हती.

रूथने दार उघडलं. माझा हात बघितला.

"कुणी?"

"स्टोव्हवर भाजलं."

"स्टोव्ह ओठ फोडत नाही. मी सहा वर्षांची असताना याहून बरं खोटं बोलायचे."

त्यांनी माझा हात नळाखाली धरला आणि धरूनच ठेवला. मी बोलायला लागले. न्हाणीच्या भिंतीपासून सगळं. त्या देशात पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. शेवटी म्हणाले, "चूक माझीच. मी तो कप उपडा का घातला?"

रूथने नळ बंद केला. खुर्ची ओढून बसल्या. मग त्यांनी सांगितलं.

युद्धाच्या दिवसांत एका शेतकऱ्याच्या गोठ्याच्या माळ्यावर त्यांचे आई, वडील आणि धाकटा भाऊ लपले होते. रूथचे केस पिवळे. म्हणून ती खाली घरात, शेतकऱ्याची भाची म्हणून उघडपणे राहायची. नाव दुसरं. गळ्यात क्रॉस. ख्रिश्चनांच्या प्रार्थना तिने घोकून पाठ केल्या होत्या. एकदा कंदिलातलं तेल संपलं म्हणून शेतकऱ्याच्या बायकोने टेबलावर मेणबत्ती लावली. बाहेर सूर्य बुडत होता. वार शुक्रवार. शेजारीण दूध न्यायला आली होती. आणि त्या पोरीने दोन्ही हात डोळ्यांवर घेतले.

"आमच्याकडे शुक्रवारी सांजेला बाई दिवे लावते, डोळे झाकते आणि प्रार्थना म्हणते," रूथ म्हणाल्या. "मी आईला तसं करताना बघत आले होते. मी नाही केलं ते. हातांनी केलं."

शेजारीण दूध घेऊन, आभार मानून गेली. शेतकऱ्याच्या बायकोने पोरीला बटाट्याच्या खड्ड्यात ढकललं, वर पेंढा टाकला. माळ्यावरच्यांना पळता येईना. बाहेर बर्फ होतं, पावलं उमटली असती. सकाळी नाझी शिपाई आले. खड्ड्याच्या फटीतून तिने पाहिलं. वडिलांना पाय धरून शिडीवरून खाली ओढलं. डोकं प्रत्येक पायरीवर आपटत आलं. अंगणात गोळी घातली. आईच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता मारला, मग पुन्हा मारला. भावाला पोत्यासारखं ट्रकमध्ये फेकलं. शेतकऱ्याला इतकं मारलं की त्याचा एक डोळा गेला. दोघे परत कधी दिसले नाहीत, आई आणि भाऊ.

"कित्येक वर्षं मला हे हात तोडून टाकावेसे वाटायचे," रूथ म्हणाल्या. "पार म्हातारी झाले तेव्हा कळलं. हातांनी फक्त प्रार्थना केली होती. गोळी घालणारे दुसरे होते. तुझ्या हाताने कप धुतला. भाजणारी दुसरी होती. कपाला शिव्या देणं बंद कर."

लगेच पुढे म्हणाल्या, "पण तुझं माझं तोलू नकोस. तुझ्या बापाला कुणी अंगणात मारलं नाही."

"माझ्या चुलत्याला मारलं. विहिरीवर पाणी भरलं म्हणून. दगडांनी. जगला. बोलत नाही आता."

रूथने माझ्या मनगटावर ओलं फडकं ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं. नको तोलूया."

फोन वाजला. वहिनी होती.

"अगं, कुठे आहेस? हात कसा आहे? आई शांत झाल्यात आता. संध्याकाळी आरतीला सगळे येतायत, तू दिसली नाहीस तर विचारतील. तू ये. फक्त किचनमध्ये नको येऊस, आणि प्रसाद वाटू नकोस. मोदक तेच आहेत, दुसरे करायला वेळ नव्हता; कुणाला बोलू नकोस. हाताचं कुणी विचारलं तर तेल उडालं सांग. प्लीज. मी तुझ्यासाठी वेगळं ताट काढून ठेवते."

मग दादा फोनवर आले.

"आणि पोलिसबिलिस डोक्यात घेऊ नकोस. इथे आपल्याकडे आधीच कसं बघतात माहितीये ना? आपल्याच लोकांची अब्रू काढशील."

"विचार करते," मी म्हणाले. फोन ठेवला.  खोली तिथे होती. बॅग तिथे होती. पासपोर्ट तिथे होता. हो म्हटलं असतं तर रात्री गादी मिळाली असती.

रूथला मराठी कळत नव्हतं. चेहरा कळत होता.

"परत ये आणि लपून राहा, असं म्हणतायत?"

"हो."

"माळ्यावर माझी आई दर शुक्रवारी डोळे झाकायची. दिवा नसताना. ओठ न हलवता. वडील चिडायचे, मरायचंय का म्हणायचे. ती म्हणायची, त्यांनी मला कोंडलंय. मी कोण, हे मी त्यांना विचारून ठरवत नाही."

सूर्य खाली गेला होता. रूथने दोन मेणबत्त्या काढल्या. मी पडद्याला हात लावला.

"उघडू?"

"नको!" त्या किंचाळल्या.  मग खूप हळू म्हणाल्या, "माझ्याच्याने होत नाही. या देशात मला कुणी बोटही लावलेलं नाही, तरी होत नाही. तू अशी म्हातारी होऊ नकोस."

मी दादांना फोन केला.

"दादा, तुमचा फलक गॅरेजमध्येच आहे ना? काढून ठेवा. मी पोलिसांना घेऊन येतेय."

चौकीत कॉन्स्टेबल तरुण होता. सभ्य होता. त्याला वाटलं, रस्त्यावर कुणा गोऱ्याने मारलं.

"इंडियन होते," मी म्हणाले.

"भाषा वेगळी?"

"एकच."

"रंग?"

"माझ्यासारखाच."

"मग त्या बाईला कळलं कसं?"

"मी कप कसा ठेवला त्यावरून."

त्याने पेन खाली ठेवलं. "सॉरी मेट, परत सांग."

मी परत सांगितलं. माझ्या जातीचं नाव सांगितलं. त्याला ते उच्चारता येईना. मी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, मोठ्याने. शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली. बघू देत.

आम्ही पोचलो तेव्हा आरती संपून मोदक वाटत होते. कॉन्स्टेबल बूट घालून आत आला आणि गप्पा थांबल्या. दादा पुढे झाले, हसत. "नो वरीज, मेट. फॅमिली मिसअंडरस्टँडिंग."

कोपऱ्यातून आजी म्हणाल्या, "आली बघा परत, शिवायला."

एक पाहुणे काका माझ्याजवळ आले. "पोरी, आधीच आपल्या मुलांना इथे मारतायत. घरातलं घरात मिटव."

"मला घराबाहेर टाकलंय, काका. घरात कसं मिटवू?"

मी किचनमध्ये गेले. वहिनी दारात होती. तिने आधी माझा हात बघितला, मग खाली बघितलं आणि बाजूला झाली. मी रॅकमधला एक कप घेतला. पाणी प्यायले. बाहेर आले आणि तो कप नैवेद्याच्या ताटाशेजारी ठेवला. उताणा.

"हाही फोडा. सगळेच फोडा. या घरातल्या प्रत्येक कपातून मी चहा प्यायलेय. आणि तुमच्या हातातले मोदक मी वळलेत. मी महार बाईची लेक आहे. आता गिळा, नाहीतर थुंका."

एका बाईने तोंडातला घास रुमालात काढला. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

दादा माझ्यावर धावून आले. कॉन्स्टेबलने त्यांना छातीवर हात लावून अडवलं. मी खोलीत गेले, पासपोर्ट आणि बॅग घेतली, बॅगेच्या तळातून फोटो काढला आणि सगळ्यांसमोर छातीशी धरून बाहेर पडले.

पुढे गोड काही झालं नाही. आजी पुण्याला परत गेल्या. दादांना ताकीद मिळाली. वहिनीचा फोन कधी आला नाही. ग्लेन वेव्हर्लीत एकाही मराठी घराने मला खोली दिली नाही. माझ्यामुळे आपली बदनामी झाली, असं ते आजही म्हणतात. म्हणू देत.

त्या रविवारी बापाचा फोन आला. "जयभीम," तो म्हणाला.

"जयभीम, बाबा," मी म्हणाले.  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

मनगटावरचा डाग मी बाहीने झाकत नाही. नवीन माणूस आडनाव विचारायच्या आत मी सांगून टाकते. आणि पुन्हा कुणी माझ्यावर उलथनं उचललं, तर मी हात मागे घेणार नाही. उलथनं धरीन. तापलेलं असलं तरी.