दहावी पास

“कारण सांगा,” असं बाई म्हणायच्या, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावायच्या. जुनी सवय. शेजारच्या बाईनं नुसतं “आज डाळ शिजलीच न्हाई” म्हटलं तरी यांच्या तोंडून निघून जायचं, “का? कारण सांगा.” मग कुणी साहेब ऐकत नाही ना, हे बघून घ्यायच्या आणि पुन्हा खोक्याला चिकटपट्टी लावायला लागायच्या.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात ठेकेदाराचा टाइमकीपर आहे. माझ्यासारखा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कंपनीचा नाही, कामगारांचाही नाही, गेटच्या आत एक टेबल आणि हजेरीचं रजिस्टर घेऊन बसलेला. बाईंना कंपनीत आणलं ते मीच. त्यांना बाहेर काढलं, त्या कागदावरही सही माझीच आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणाकुणावर चिडेन, त्या यादीत तुम्हाला मलाही धरता येईल.

शिक्रापूरला ठेकेदाराच्या ऑफिसात पॅकिंगची भरती होती. वीस-बावीस बायका रांगेत उभ्या होत्या. एकीनं माझ्यासमोर प्लास्टिकची फाइल ठेवली. उघडली तर वरच एम.एस्सी.ची गुणपत्रिका, सेंद्रिय रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी. तिच्याखाली बी.एड. त्याच्याखाली सेट परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. मी स्वतः बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला सोडलेला माणूस. मी फाइल हळूच मिटली.

“मॅडम, हे पिशवीत ठिवा. बारावीच्या वर शिकलेलं पॅकिंगला घेत न्हाईत.”

“का? कारण सांगा.”

“जास्त शिकलेली माणसं टिकत न्हाईत म्हणत्यात. आन् प्रश्न विचारत्यात.”

“दुसरं कारण खरं आहे,” त्या हसून म्हणाल्या. “मग काय लिहायचं?”

“दहावी लिवा.”

त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, दहावी पास. पेनाला टोपण लावत म्हणाल्या, “खोटं नाही हे. पास तर आहेच मी.”

त्या शिरूरच्या. जुन्या मिशनच्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. आई गेलेली, वडील अर्धांगानं अंथरुणावर. दौंडकडच्या एका कॉलेजात त्यांनी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, सुट्टीत काही नाही. लग्न का केलं नाही, असं पॅकिंगच्या लाइनवरच्या बायकांनी विचारलं, तर म्हणाल्या, “तासावर पगार असलेली मुलगी बघायला कोण येतंय? आले तरी तासाभरात उठून जायचे.” बायका हसल्या. त्याही हसल्या.

दहाव्या वर्षी त्याच कॉलेजात कायम जागा निघाली. मुलाखतीला गेल्या तेव्हा शिपायानं दारातच सांगितलं, “बाई, चहा घ्या आन् जावा. नाव ठरलंय.” ठरलेलं नाव संस्थेतल्याच कुणाच्या तरी घरातलं होतं. वर प्राचार्यांनी बाईंना बोलावून विनंती केली की, तुमच्या प्रात्यक्षिकांच्या टिपणवह्या नव्या मॅडमना द्या, त्यांना अजून सवय नाही.

“दिल्या?” मी विचारलं होतं.

“दिल्या. पोरांचं नुकसान झालं असतं.”

मला तेव्हाच राग आला होता. पण तो दुसऱ्याच्या घरातला राग. चहाबरोबर संपला.

पॅकिंगला त्यांचे हात चांगले चालायचे, पण डोकं काही गप्प बसायचं नाही. नोटीस बोर्डावर शुद्धलेखनाच्या चुका असल्या, की जेवणाच्या सुट्टीत पेन्सिलीनं दुरुस्त व्हायच्या. कोण करतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, साहेब लोक सोडून. कासुर्डीच्या सुमनमावशी हाउसकीपिंगला होत्या. त्या एकदा म्हणाल्या, “बाई, चिंचंनं तांब्या चकचकीत हुतो, त्यो कसा काय?” तर बाईंनी डबा बाजूला ठेवून वीस मिनिटं सांगितलं. भोंगा झाला तरी एकही जण उठेना. ‘बाई’ हे नाव त्या दिवशीच पडलं. त्या नुसत्या दहावी पास नाहीत, हे सबंध लाइनला कळून चुकलं होतं. कुणी चकार शब्द काढला नाही.

मग ती परदेशी गिऱ्हाइकाची पाहणी आली. सगळा कारखाना पुसून काढायचं काम सुरू झालं. बायकांची कपडे बदलायची खोली आणि न्हाणीघर चार पायऱ्या खाली आहे, तिथं फरशीवर जुने पिवळे डाग होते. ॲडमिनचे साहेब स्वतः उतरले. सोबत हजेरीचं रजिस्टर घेऊन मी. सुमनमावशी आणि आणखी एक जण घासत होत्या. साहेब म्हणाले, “ॲसिडनं जात नाही तर त्यातच ब्लीचचा कॅन ओता. दोन्ही मिळून एकदम निघेल.”

बाई तिथं हात धूत होत्या. हात तसेच ओले ठेवून वळल्या.

“साहेब, ही दोन्ही एकत्र नकोत. विषारी गॅस होतो.”

“कुणी सांगितलं?”

बाई ओढणीला हात पुसायला लागल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “शिक्षण किती हिचं?”

मला खरं सांगता आलं असतं. एवढंच सांगायचं होतं की, साहेब, यांनी कॉलेजात नऊ वर्षं हेच शिकवलंय. मी रजिस्टरकडे बघत म्हणालो, “दहावी, साहेब.”

“माझं एमबीए झालंय,” साहेब म्हणाले. “जा, लाइनवर जा.”

बाई मावशींकडे वळल्या. “मावशी, नुसतं पाणी मारा, भरपूर. दुसरं काही ओतू नका,” एवढं म्हणाल्या आणि गेल्या. पण मावशींच्या समोर बाई नव्हत्या, साहेब उभे होते. कॅन ओतला गेला. तो ओतून झाल्यावर साहेब वर गेले, त्यांच्यामागे मी.

पाच मिनिटांत खालून खोकल्याचे आवाज आले. दाराशी गर्दी झाली. आगीच्या ड्रिलमध्ये आम्हाला शिकवलेलं आहे की, धूर झाला तर खाली वाका, जमिनीलगत राहा. म्हणून सगळे वरून तेच सांगत होते, “मावशी, खाली बसा, खाली बसा.” आणि त्या खरंच कोपऱ्यात उकिडव्या बसल्या होत्या.

बाई लाइन सोडून पळत आल्या. ओढणी पाण्यात बुडवून नाकाला बांधली आणि उतरल्या. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला, शंभर पोरांच्या वर्गाला शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. “उठा. खाली बसू नका. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, खाली साचतो. उभ्या राहा आणि वर या.” मावशींच्या सोबतची भिंतीला धरून आली. मावशींना मात्र उठताच येईना. बाईंनी त्यांना काखेत धरून चारही पायऱ्या ओढत आणलं, मोकळ्या हवेत नेलं आणि दोन्ही दारं सताड उघडायला लावली.

दवाखान्यात डॉक्टर काही विचारायच्या आत बाईंनी सांगितलं, कुठला गॅस, किती वेळ, कोण किती जवळ होतं. डॉक्टर म्हणाले, “सिस्टर आहात का?” त्या म्हणाल्या, “नाही. पॅकिंगला आहे.”

मावशी वाचल्या. आजही जिना चढताना थांबतात, पण वाचल्या.

दुसऱ्या दिवशी ज्यांनी पाहिलं त्यांनी लिहून द्यावं, असा निरोप आला. सगळ्यांनी चार ओळी लिहिल्या. मी तीन. बाईंनी दोन पानं लिहिली, इंग्रजीत. काय ओतलं, कुणाच्या सांगण्यावरून ओतलं, त्यातून काय तयार झालं, त्याचं समीकरण, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं. मी वाचून म्हणालो, “बाई, एवढं लिवू नका. अंगाशी येईल.” त्या म्हणाल्या, “विचारलंय त्यांनी. चुकीचं उत्तर कसं देऊ?”

तीच दोन पानं त्यांना भोवली. दहावी पास बाई असं इंग्रजी लिहिते कशी, याची चौकशी झाली. साहेबांनी ॲसिडमध्ये ब्लीच ओतायला कसं सांगितलं, याची झाली नाही. शिक्षण लपवून कंपनीची फसवणूक केली, असं ठरलं. कायम कामगाराला निदान कारणे दाखवा नोटीस मिळते. बाईंचं गेटवरचं कार्ड चाललं नाही, एवढंच. मला आत बोलावून छापील कागद पुढे केला. या बाईनं माहिती लपवली आणि मला त्याची कल्पना नव्हती, असं त्यावर होतं. मी सही केली. माझी दोन मुलं शाळेत आहेत. हे कारण मी स्वतःला रोज सांगतो, आणि रोज ते थोडं कमी पुरतं.

मावशी कामावर परत आल्या त्या दिवशी माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “बाईनं मला वर काढलं. आन् तुमी बाईलाच काढलं व्हय?” आणि अंगठा लावून आत गेल्या.

अपघाताच्या नोंदीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं आलं. महिन्याभरानं न्हाणीघराच्या दारावर मोठा रंगीत तक्ता लागला. काय एकत्र करू नये, गॅस झाल्यास खाली का बसू नये, उघड्यावर कसं यावं. बाईंची दोन पानं, मराठीत करून. खाली ‘ॲडमिन विभाग’. सुरक्षा सप्ताहात त्या तक्त्याबद्दल साहेबांना शाल आणि नारळ दिला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

लोक म्हणतात, अशा माणसांचं शिक्षण वाया जातं. मला आता हे ऐकवत नाही. कॉलेजनं वह्या घेतल्या, कंपनीनं दोन पानं घेतली. वाया काय गेलं? शिक्षण सगळ्यांनी पुरेपूर वापरलं, फक्त त्याच्यावरचं नाव खोडून. आणि ज्यांना काहीच येत नाही ते बाईंना त्यांची पायरी दाखवत राहिले.

परवा कामानिमित्त दौंडला गेलो होतो. एसटी स्टँडवर बाई दिसल्या. मी तोंड चुकवणार होतो, त्यांनीच हाक मारली. वडील गेले, म्हणाल्या. आता कुरकुंभला आहे, केमिकल कंपनीत, प्रयोगशाळेत.

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचे हातच धरणार होतो. “झालं बाई, शेवटी तुमच्या जागी पोचला.”

“काचेची भांडी धुते तिथली,” त्या म्हणाल्या. “ह्या वेळी आठवी लिहिलं.”

मी पुढे केलेले हात मागे घेतले. त्यांनाच माझी कीव आली असावी, म्हणून त्या बोलत राहिल्या. तिथली पोरं नवीन आहेत, चांगली आहेत, पण घाई करतात. प्रयोगात शेवटचा थेंब पडला की रंग फिकट गुलाबी यावा लागतो, जेमतेम दिसेल इतका. गडद आला म्हणजे थेंब जास्त पडले, आकडा चुकला. “माझ्याकडे धुवायला फ्लास्क येतात ना, निम्मे गडद असतात.”

“मग सांगता त्यांना?”

त्यांची बस लागली होती. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “धुऊन टाकते.”