आठच्या खाली

मला हार्ट अटॅक आला तो सकाळच्या शिफ्टला, लेथवर उभा असताना. डोळे उघडले तेव्हा चिंचवडच्या एका दवाखान्यात होतो आणि डॉक्टर माझी पापणी खाली ओढून बघत होते. "अहो, रक्त कुठंय तुमच्या अंगात?"

मूळव्याधीनं रक्त जाणं कितीतरी महिने चाललं होतं. मी कुणाला बोललो नव्हतो. बोलणार कुणाला, भिंतीला? बायको वारलेली, मूलबाळ नाही, भाऊ तिकडे लातूरकडं. आकुर्डीच्या खोलीत मी आणि माझा स्टोव्ह.

हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. तरुण डॉक्टर म्हणाले, दहाच्या खाली आहे, रक्त द्यायलाच हवं. मोठे डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय, वरून बाटली ओतली तर छातीत पाणी भरेल. आठच्या खाली गेलं तरच देऊ, तेही सावकाश. दोघं माझ्या पायथ्याशी उभे राहून वाद घालत होते. मला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही.

शिफ्ट सुटल्यावर कंपनीतलं आमचं अख्खं खातं बाह्या सावरून हजर. कुणाला रक्त लागलं की आमच्यात बोलवावं लागत नसे. पण डॉक्टरांनी सांगितलं, आज नको. झालं, सगळ्यांचे चेहरे खुलले. "राव, रक्त लागत नाही म्हणजे तू ठणठणीत आहेस की!" आमच्या लोकांचा हिशेब सरळ. बाटली टांगली तर आजारी, नाहीतर नाही. हसतखेळत गेले ते गेलेच. दुसऱ्या दिवशी कुणी फिरकलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

शेजारच्या खाटेवर तळवड्याचा एक म्हातारा होता. त्याला बाटली लावलेली आणि भोवती सुना, नातवंडं, डबे. त्याची बायको मला म्हणाली, "तुमचं कुनी आलं न्हाई व्हय?" म्हटलं, येतील. भेटायची वेळ झाली की मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करायचो. फार एकटं वाटायचं.

रोज सकाळी रक्त तपासायचे. आकडा थोडाथोडा उतरत होता आणि खरं सांगतो, तो उतरावा असंच मला वाटत होतं. मरायची हौस नव्हती मला. पण आठच्या खाली गेल्याशिवाय कुणी येणार नव्हतं.

एका सकाळी छाती पुन्हा दुखू लागली. हिमोग्लोबिन साडेसात. डॉक्टरांनी कंपनीत फोन लावला. भीतीनं घाम फुटला होता, तरी मी दाराकडेच बघत होतो.

खातं आलं. एकच बाटली हवी होती. ज्याचं रक्त जुळलं, त्याच्याशी मी मागे कँटीनमध्ये थंड भज्यांवरून कडाक्याचं भांडलो होतो. रक्त देऊन तो स्टूल ओढून माझ्या उशाशी बसला. बाकीचे गेले.

"तू पण जा," मी म्हणालो.

"बाटली संपेपर्यंत बसतो. आपलंच रक्त, अर्ध्यावर सोडून कसं जायचं?"

मग तो बोलत राहिला. सुपरवायझरचा खडूसपणा, नळाचं पाणी, पोरीचं गणित. मी नुसता हूं हूं करत होतो. इतक्या दिवसांत माझ्याशी एवढं कुणी बोललं नव्हतं.

दुपार कलली. बाटलीत तळाला थोडंसं उरलं, तसं त्यानं स्टुलाखालच्या चपला पायानं चाचपल्या.

मी सिस्टरला हाक मारली. "अजून हळू करता येईल का?"

"का? दम लागतोय?"

लागत नव्हता. मी हो म्हणालो.